आमच्या आखाड्याची तिरकी मान

आमच्या आखाड्याच्या जागी आता हॉल झाला आहे. वर पत्रे, खाली रबराची चटई. पोरंपोरी तोंडाला जाळी लावून, पांढरे कपडे घालून, लवलवत्या तलवारींनी खेळतात. त्याला ती फेन्सिंग म्हणतात. म्हणू देत. शिकवणारा बाहेरगावचा आहे, शिकलेला आहे, माणूस चांगला आहे. परवा तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, एक विचारू? या जुन्या शहरातली पोरं पहिल्या दिवसापासून मान उजवीकडे वळवून उभी राहतात. डावा गाल पुढे. मी सांगून सांगून थकलो. कोणी शिकवलं यांना?"

"त्याईच्या बापानं," मी म्हटलं.

"आणि बापांना?"

"आमी."

"पण का?"

मी त्याचा चहा संपू दिला. मग म्हटलं, लिहून देतो. त्याला वाटलं असेल म्हातारा टाळतो आहे. मी तिसरीत शाळा सोडली हे खरं आहे, पण मला अक्षर येतं, आणि जे मला येतं ते मी दुसऱ्याच्या हातून करून घेत नाही. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो." त्यालाही नको म्हटलं. वेळ लागला, लागू दे.

आमचा आखाडा अकोल्यात, मोर्णा नदीच्या अलीकडे, जुन्या शहरात. एक चौक, त्यात तेल-हळद घालून मळलेली माती, कोनाड्यात मारुती, भिंतीला लाठ्या. रोजचा खेळ फरी-गदग्याचा. फरी म्हणजे डाव्या हातातली चामड्याची छोटी ढाल, आणि गदगा म्हणजे उजव्या हातातली चामडं मढवलेली काठी. समोरच्याला लावायचं आणि स्वतःला लागू द्यायचं नाही, एवढाच खेळ. पंच नाही, शिटी नाही. ज्याला लागलं त्यानंच "कबूल" म्हणायचं. कबूल म्हटलं की डाव संपला. कसं लागलं, कुठं लागलं, पुढे कोणी विचारायचं नाही. हा आमच्याकडचा कायदा. नवीन आलेल्याला आधी हा कायदा सांगायचे, मग लंगोट बांधायला.

मी आखाड्यात गेलो ते छप्पन सालानंतर. आमची वस्ती बौद्ध झाली होती. घरातले देव वडिलांनी आपल्या हातांनी नदीत सोडले होते. मी कापसाच्या जिनात कामाला होतो, रुईच्या गठाणी उचलत होतो, अंगात मस्ती होती. आखाड्याच्या दारात गेलो तर एकानं नारळ पुढे केला. "फोड मारुतीपुढे, मग माती."

"नाई फोडत," मी म्हटलं.

"मग माती नाई."

"माती तुया बापानं पैदा केली का?"

तिथेच मारामारी व्हायची, पण वस्ताद आतून बोलले. आमचे वस्ताद जुन्या शहरातल्या शेतकरी घरातले, उंच, पांढऱ्या मिशांचे, पोरांनी शेती सांभाळलेली, म्हणून दिवसभर आखाड्यातच. ते म्हणाले, "कोन हाये रे? मारुतीचं राहू दे. मातीले सलाम करशील का?"

"मातीले करतो."

"मग ये. नारळ आमी खाऊ."

सगळे हसले. मी मातीला हात लावला, कपाळाला लावला, आणि आत गेलो. त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचा झालो. घरी वडील काय म्हणाले ते लिहीत नाही.

आता वस्तादांचा खेळ, ते एकट्यानंच उभं राहून दाखवायचे तो. मान जरा उजवीकडे वळलेली, डावा गाल फरीच्या बाहेर, आणि वार करायच्या आधी टाचेनं माती एकदा दाबायची. असा रुबाब मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. आम्ही सगळे तसेच उभे राहू लागलो. कोणी शिकवलं नव्हतं. आरशात पाहून मान वळवायची सवय केलेले होते आमच्यात, मीही केली. जुन्या शहरात रस्त्यानं चालताना कळायचं, हा आखाड्याचा पोट्टा आहे म्हणून. मान तिरकी, म्हणजे आमचा माणूस.

आणि दसऱ्याला पट्टा. दांडपट्टा म्हणजे कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत हात घालून फिरवायची लांब, लवचिक, दोन्ही बाजूंनी धारेची तलवार. एक गडी मातीत उताणा झोपायचा, त्याच्या गळ्याच्या खळग्यात लिंबू ठेवायचं, आणि वस्ताद ते लिंबू कापायचे. लिंबाचे दोन तुकडे, गळ्याला ओरखडा नाही. त्याची एक रीत होती. आधी वस्ताद पट्ट्याचं पातं आडवं करून झोपलेल्याच्या छातीला टेकवायचे, मग हनुवटीला. आम्ही त्याला आशीर्वाद म्हणायचो. मग झोपलेल्यानं मोठ्यानं "हाजिर" म्हणायचं. हाजिर म्हटल्याशिवाय पट्टा फिरत नसे. ही रीत फार जुनी, शिवकाळातली, असं आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचो.

झोपायचा मान माझा. दरवर्षी माझाच. बाकीच्यांना त्याचा हेवा वाटायचा, आणि मला ते आवडायचं. वडिलांना मात्र दसऱ्याच्या दिवशी माझं तोंड पाहवत नसे. त्या दिवशी आमची वस्ती नागपूरला जायची. वडील दारात पिशवी घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "सारी वस्ती नागपूरले चालली अन् तू त्याईच्या मारुतीपुढे मान टाकून झोपतो. कोन्या दिवशी मान जाईन, अन् कोनी विचारणार नाई, कोनाची होती म्हनून."

"वस्तादाचा हात हाये तो," मी म्हणायचो.

"हो. हात त्याचा अन् मान तुयी."

मला त्यांचा राग यायचा. मी म्हणायचो, जळतात.

मग साठ सालाच्या पुढे केव्हातरी अमरावतीला सामना ठरला. तिथला एक आखाडा, आमचा एक आखाडा. आम्ही वस्तादांना घेऊन बडनेऱ्याला उतरलो, तिथून अमरावती. वस्ताद म्हणाले, मी बसून ऐकतो, तुम्ही खेळा. ऐकतो म्हणाले. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

अमरावतीचे लोक आम्हाला पाहून आधीच हसत होते. का ते कळेना. पहिला आमचा गडी मातीत उतरला, मान वळवून उभा राहिला, टाच दाबली. ती दाबली न दाबली तोच समोरच्याचा गदगा त्याच्या डाव्या कानशिलावर. "कबूल." दुसरा उतरला. मान, टाच, कानशील. "कबूल." तिसरा. तोच वार, तीच जागा. मी चौथा. मी म्हटलं आता पाहतो. मला वार येताना दिसला, फरी उचलली, पण गाल फरीच्या बाहेरच होता. कानात घंटा वाजली.

"कबूल," मी म्हटलं. म्हणावंच लागतं.

बाहेर त्यांचा म्हातारा वस्ताद खाटेवर बसला होता. हसून हसून त्याला खोकला आला. "अरे राजेहो, अकोल्यात काय साऱ्याईचा एकच डोळा हाये का? सारेच काणे कसे उभे राहून राहिले?"

त्याची पोरं लोळायला लागली. मी तसाच, कान धरून, त्याच्या समोर गेलो. "वस्ताद, बोला पन कामाचं बोला. आमच्या वस्तादाची ढब हाये ते."

"ढब?" तो म्हणाला. आणि हसायचा थांबला. माझ्याकडे पाहत राहिला. मग मला खाटेवर बसवलं, आणि आवाज खाली केला. "तुले मालूम नाई?"

"काय?"

"बापा, त्याचा उजवा डोळा गेलेला हाये. जवानीत आमी दोघं एका मातीत खेळत होतो. माया गदग्याची खीळ निघाली होती, मले दिसली नाई. ते त्याच्या डोळ्यात गेली. मायाच हातची हाये ते." त्यानं आपला हात उलटा करून पाहिला. "अन् तो कबूल बोलला नाई. डोळ्यातून पानी गळत होतं, अन् म्हणे, चाल, पुढे खेळ. तईपासून तसा मान वळवून खेळते. एका डोळ्यानं पाहाले मान तशी करा लागते. तुमाले दोन दोन डोळे असून तुमी कावून?"

आता माय! मी आमच्या गड्यांकडे पाहिलं. कडुनिंबाखाली ओळीनं बसले होते, कानशिलाला ओला फडका लावून. बसतानाही सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. तरणीबांड, दोन्ही डोळ्यांची माणसं. एका माणसाचा फुटलेला डोळा आम्ही सगळ्यांनी रुबाब म्हणून वाटून घेतला होता. माझ्या मानेला हात लावून पाहिला तर तीही तिकडेच. सरळ केली, तर सगळं जग तिरकं वाटायला लागलं.

म्हातारा पुढे म्हणाला, "अन् एक सांग. तुमच्याकडे पट्ट्याखाली झोपलेला गडी ओरडते म्हणे? हाजिर का काय? आमच्याकडे तसं काही नाई. कुठून काढलं?"

"जुनी रीत हाये," मी म्हटलं. पण तोंडातून निघता निघताच त्या शब्दातला जीव गेला.

परत येताना बडनेऱ्याच्या फलाटावर दुपारची गाडी उशिरा होती. बाकीचे नळावर डोकी भिजवायला गेले. वस्ताद बाकावर बसले होते, ताठ, काठी दोन गुडघ्यांत. मी चहा आणला. त्यांच्या उजव्या बाजूनं कप पुढे केला. घेतला नाही. उजवा डोळा गेलेला, हे आता मला ठाऊक होतं. मग मी समोर आलो. अगदी समोर, उन्हात, नाकासमोर कप धरला. चहाची वाफ त्यांच्या मिशांपर्यंत जात होती. तेव्हा त्यांचं डोकं जरा वर झालं, नाकानं वास घेतला, आणि हात बाजूला, रिकाम्या जागी गेला.

मी म्हटलं, "वस्ताद."

हात लगेच वळला आणि नीट कपावर आला. "चाय आनला का? आन. दुसऱ्याईले पाज पहिले."

डावा डोळाही गेला होता. दुधासारखा पांढरा झाला होता. रोज पाहत होतो तो डोळा, पण पाहिला नव्हता. मी उभा होतो की बसलो होतो ते मला आठवत नाही. पातं छातीला टेकायचं, मग हनुवटीला. तो आशीर्वाद नव्हता, माप होतं. हाजिर ही शिवकाळातली रीत नव्हती. आवाज आला की कळतं तोंड कुठं आहे, आणि तोंड कळलं की गळा कळतो. एवढी वर्षं मी दसऱ्याला न दिसणाऱ्या माणसाच्या पट्ट्याखाली गळा देऊन, खुशीनं, स्वतःच्या तोंडानं त्याला जागा सांगत होतो.

भीती वाटली नाही. खरं सांगतो, भीती नंतर वाटली. तेव्हा कानात फक्त वडिलांचं बोलणं होतं. कोनी विचारणार नाई, कोनाची होती म्हनून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यात गेलो. वस्ताद एकटेच होते, पायानं माती उकरत होते. मी सलाम केला नाही. पायाच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. "आला का? काल साऱ्याईचं नाक कापलं तुमी."

"वस्ताद, तुमाले दिसत नाई."

पाय थांबला. मग पुन्हा चालू झाला. "कोन म्हनते?"

"कोनी नाई म्हनत. मी म्हणतो. बडनेऱ्याले पाह्यलं."

"मग?"

"मग हे सांगा. एवढे गडी आखाड्यात. दरसाल मीच काहून?"

"तू हालत नाई."

"दुसरे हालतात?"

"त्याईचा आवाज थरथरते. आवाज थरथरला का लिंबू हालते. तुया नाई थरथरत."

"का मान गेली तं मागं विचाराले कोनी येनार नाई, म्हनून?"

त्यांनी पाय पुन्हा मातीत घातला. माती उकरत राहिले. मी थांबलो. नाही म्हणतील, शिवी देतील, काठी उगारतील, सगळ्याची मी वाट पाहिली. शिवी दिली असती तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण ते बोललेच नाहीत. मला दारातून आत घेणारा माणूस हाच. आणि आत घेतलं ते कशासाठी, हे आता त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझी भाकर गोड लागणार नव्हती.

मी म्हटलं, "असं करू. या दसऱ्याले लिंबू तुमच्या गळ्यावर. पट्टा माया हातात."

मला वाटलं, आता कळेल. तयार झाले नाहीत, तर माझ्या मानेची किंमत कळलीच.

ते म्हणाले, "ठीक हाये." आणि मातीला पाय लावून पुढे उकरायला लागले, जसं काही मी नळावरून पाणी आणू का विचारलं होतं.

दसऱ्यापर्यंत मी रोज लिंबं कापली. लाकडाच्या ओंडक्यावर, केळीच्या खुंटावर, भोपळ्यावर. हात बसला. भोपळ्याला कुठेही रेघ उमटेना. बाकीच्या गड्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं, वस्ताद मला गादी देत आहेत. एक जण जळून म्हणाला, "नारळ न फोडता गादीवर चाल्ला गड्या तू."

दसऱ्याला वडील पिशवी घेऊन निघाले. मी म्हटलं, "यंदा मान मायी नाई." त्यांनी विचारलं, "मग कोनाची?" मी सांगितलं. वडील दारातच उभे राहिले. पिशवी खाली ठेवली. "तू पट्टा चालवनार? त्याच्या गळ्यावर?" मग पिशवी परत उचलत म्हणाले, "सांभाळून रे बाबा." त्यांच्या तोंडून त्या आखाड्याबद्दल ऐकलेला तेवढाच एक चांगला शब्द.

चौक भरला होता. भिंतीवर, छतावर माणसं. वस्तादांनी पागोटं काढून ठेवलं, मातीत उताणे झाले, आणि लिंबू स्वतःच्या हातानं गळ्यावर ठेवलं. मी पट्ट्यात हात घातला. रीतीप्रमाणे पातं छातीला टेकवलं, मग हनुवटीला.

"हाजिर!" वस्ताद म्हणाले. आवाज असा, की मागच्या गल्लीतली कुत्री भुंकली. थरथर नाही. अजिबात नाही.

मी टाच दाबली. आणि पाहिलं.

भोपळ्यावर नव्हतं ते सगळं तिथं होतं. दाढीचे पांढरे खुंट. गळ्याची सैल कातडी, तिच्यावर मातीचा कण. लिंबाच्या शेजारी एक शीर, टुक टुक उडणारी, आणि तिच्याबरोबर लिंबू जरा जरा वर होणारं. आणि ते दोन डोळे, सरळ सूर्याकडे उघडे, मिटत नव्हते. हा माणूस एवढी वर्षं हे न पाहता करत होता. मला ते पाहून करता येईना. हात वर होता, तो वरच राहिला. खांद्यापासून पुढे तो माझा नव्हताच.

छतावरून कोणी ओरडलं, "अबे मार ना! लिंबाचं लोनचं करतं का?"

लोक हसले. दुसरा म्हणाला, "त्याले पडून राहाचीच आदत हाये, उभा राहून जमत नाई!"

वस्ताद पडल्या पडल्याच, ओठ न हलवता म्हणाले, "काय झालं रे? मार."

"नाई जमत."

"काहून?"

मी म्हटलं, "मले दिसते, वस्ताद."

हळू म्हटलं होतं, पण जवळच्यांनी ऐकलं. त्यांना त्यात काही कळलं नाही. वस्तादांना कळलं. पहिल्यांदा त्यांचे डोळे मिटले. मग त्यांनी गळ्यावरचं लिंबू उचललं, उठून बसले, आणि हात पुढे केला. मी होतो त्याच्या दुसऱ्याच बाजूला केला. मी पट्टा खाली टाकून फिरून गेलो आणि तो हात धरला. त्यांनी उभं राहून माझ्या खांद्यावर भार दिला, मान सरळ केली, अगदी सरळ, जशी मी कधी पाहिली नव्हती, आणि भरल्या चौकात म्हणाले,

"कबूल."

लोकांना वाटलं, वस्तादांनी थट्टा केली. टाळ्या पडल्या. त्या दसऱ्यापासून आमच्याकडे गळ्यावरचं लिंबू बंद झालं. पट्टा भिंतीवर गेला. वस्ताद पुढे पुष्कळ वर्षं आखाड्यात येत राहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि त्यांना दिसत नाही हे आता गावालाही ठाऊक झालं होतं. मान मात्र कोणी सरळ केली नाही. मीच करू शकलो नाही, तर पोरांना काय शिकवणार. पोरं आमच्याकडे पाहून उभी राहिली, त्यांची पोरं त्यांच्याकडे पाहून.

त्या शिकवणाऱ्याला एवढंच पुरे आहे. तो पुढे हेही विचारेल, की वस्तादांनी कशाचं कबूल म्हटलं. अमरावतीच्या म्हाताऱ्याच्या त्या जुन्या, डोळ्यावरच्या वाराचं, की ते माती उकरत असताना मी विचारलं त्याचं. मला माहीत नाही. त्या दिवशी घरी येताना ते माझ्या खांद्यावर होते, रस्ता मोकळा होता, विचारायला काही हरकत नव्हती. मी विचारलं नाही. कबूल म्हटल्यावर आमच्याकडे विचारत नाहीत.